मेकॅनिकलच्या डोर्लेकर मॅडम

वर्गात साडी आणि वर्कशॉपमध्ये निळा बॉयलर सूट, असे डोर्लेकर मॅडमचे दोन वेश होते. बूट मात्र एकच. पुढे लोखंडी टोपी बसवलेले, काळे, जडशीळ सेफ्टी शूज. दिवसातून चार वेळा बूट बदलत बसायला त्यांना वेळ नसायचा, म्हणून कडक इस्त्रीच्या सुती साडीखालीही तेच. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी साडी जराशी वर धरली, एक पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "नीट बघून घ्या. पुढच्या सोमवारपासून तुमच्याही पायात हेच पाहिजेत. ज्याला हसू आलं त्यानं सगळ्यांच्या आधी आणावेत."

मग त्यांनी एकेकाला उभं करून एकच प्रश्न विचारला, "मेकॅनिकल का घेतलंस?" कुणी म्हणालं गाड्यांची आवड आहे, कुणी म्हणालं देशाच्या औद्योगिक प्रगतीला हातभार लावायचाय. मी हेदवीचा. वडील गावच्या शाळेत क्लार्क. भाषण ठोकायची सवय नव्हती, त्यामुळे खरं तेच तोंडातून बाहेर पडलं, "कॉम्प्युटरला नंबर लागला नाही."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बरं झालं, खरं बोललास. नाव काय? हेदवकर? आता तुझ्याकडे चार वर्षं आहेत, हेदवकर. तेवढ्यात दुसरं एखादं कारण शोध."

त्या आम्हाला आडनावानंच हाक मारायच्या, आणि एकदा ऐकलेलं आडनाव विसरायच्या नाहीत. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात त्या मशीन डिझाइन शिकवायच्या आणि वर्कशॉपही त्यांच्याच ताब्यात असायचं. शिकवायची पद्धत अशी की सूत्र कधीच आधी यायचं नाही. आधी यायची बाजारात नेतात तसली एक मळकट कापडी पिशवी. त्या पिशवीतून कधी दात गेलेलं गिअर निघायचं, कधी चीर पडलेला पिस्टन, कधी निळं पडलेलं बेअरिंग. ते टेबलावर ठेवून त्या विचारायच्या, "हे कशानं मेलं?" आम्ही लांबूनच काहीतरी ठोकून द्यायचो. मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी हात लाव, मग मत दे." तो मेलेला तुकडा साठ जणांच्या हातांतून फिरून परत टेबलावर आला, की मग खडू हातात घ्यायच्या.

दुसऱ्या वर्षी आमची सहल निघाली गणपतीपुळ्याला. भाड्याची मिनी बस, गाणी, टाळ्या, आरे-वारेचा चढ. मॅडम पुढच्या सीटवर बसल्या होत्या. चढावर मध्येच त्यांनी मान वळवली, दोनदा हुंगल्यासारखं केलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी जरा बाजूला घ्या."

"का ओ बाई?"

"मागचा ब्रेक चिकटलाय. वास येतोय."

ड्रायव्हर वैतागला. वीस वर्षं गाडी चालवतोय, असं काही नाही, उतारावर जरा वास येतोच, वगैरे वगैरे. मॅडमनी वाद घातला नाही. नुसत्या म्हणाल्या, "आपण आत्ता चढतोय." त्यानं गाडी बाजूला घेतली. मॅडमनी आम्हाला सगळ्यांना खाली उतरवलं आणि रांगेत उभं केलं. "डाव्या चाकाजवळ तळवा धरा. लावू नका, नुसता धरा. आता उजव्या चाकाजवळ." एकेक जण पुढे गेला. उजव्या चाकाची धग वीतभर अंतरावरूनही लागत होती. शेवटी त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता तुम्ही." त्यानंही हात धरला, झटकन मागे घेतला आणि जॅक काढायला गेला. दुरुस्तीला तीन तास लागले. गणपतीपुळं राहिलंच. डबे आम्ही रस्त्याच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून खाल्ले, आणि मॅडमनी एका दगडावर कोळशानं आकृती काढून ब्रेकमधली उष्णता कुठून कुठे जाते ते शिकवलं. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा आमच्या वर्गातला एकही जण चुकला नाही.

स्वतःबद्दल त्या फारसं बोलायच्या नाहीत. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं, बरंचसं नागवेकरांकडून. नागवेकर वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर, मॅडमच्या बरोबरीनं नोकरीला लागलेले. मॅडम मूळच्या राजापूर तालुक्यातल्या नाटे गावच्या. वडील होड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री. बंदराजवळ त्यांची पत्र्याची शेड होती आणि मॅडमचं बालपण डिझेलच्या वासातच गेलं होतं. बारावीला मार्क उत्तम पडले तेव्हा मास्तरांनी, नातेवाइकांनी, सगळ्यांनी सांगितलं की मुलीला इलेक्ट्रॉनिक्सला घाला, बसून करायचं काम आहे. वडील म्हणाले, तिला विचारा. त्या म्हणाल्या, मेकॅनिकल.

घाटावरच्या ज्या कॉलेजात त्या शिकल्या तिथे मेकॅनिकलच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी. भट्टीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तिथल्या इन्स्ट्रक्टरनी त्यांच्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही बसून बघा, जर्नल पूर्ण करून देतो." मॅडमनी खुर्ची उचलली, बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि परत येऊन घण हातात घेतला. पहिला घाव ऐरणीवरच बसला म्हणे, मनगट आठ दिवस दुखत होतं. पण खुर्ची पुन्हा आत आली नाही.

पुढचा प्रसंग मात्र त्यांनी स्वतः सांगितला होता. आमच्या वर्गातली मनाली शिवलकर एकदा मुलाखतीहून रडत आली, तेव्हा. मनालीला कंपनीनं विचारलं होतं की लग्न झाल्यावर शिफ्टचं काय करणार. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "मला पुण्यात एका कारखान्यानं लेखी परीक्षेत पहिला नंबर देऊन परत पाठवलं होतं. म्हणाले, शॉप फ्लोअरवर बायकांसाठी संडास नाही. मी विचारलं, बांधायला किती दिवस लागतील? ते हसले. मला खरंच उत्तर हवं होतं गो. फार तर आठ दिवसांचं काम आहे." मग म्हणाल्या, "इथे लागले तेव्हा ह्या वर्कशॉपमध्येही नव्हता. पहिल्याच वर्षी बांधून घेतला. नऊ दिवस लागले, मध्ये रविवार आला म्हणून."

मनाली रडता रडता हसायला लागली. तिचे वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, आई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकायची. पुढे तिनं जहाजावरच्या इंजिनांचा एक वर्षाचा कोर्स केला आणि ती समुद्रावर गेली.

आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना एक गोष्ट घडली. मॅडमची जी आठवण मी सगळ्यांना आवर्जून सांगतो ती हीच. एके दिवशी पिशवीतून निघाला एका मच्छीमार बोटीचा तुटलेला शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या पंख्यापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. भर समुद्रात तुटला होता. बोट सहा तास भरकटली, मग दुसऱ्या बोटीनं ओढून आणली. मॅडमनी तो आमच्या हातांतून फिरवला आणि फळ्यावर तासभर गणित मांडून दाखवलं की दांडा सरळ रेषेत बसवलेला नव्हता, त्यामुळे ताण वाढत गेला आणि तो तुटला. सगळं इतकं चोख होतं की आम्ही वही मिटताना अगदी तृप्त होतो.

शनिवारी त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना नाट्याला नेलं. त्यांच्या वडिलांना सगळे आण्णा म्हणत. सत्तरीच्या पुढचे, लुंगी, उघडं अंग, कानावर पेन्सिल. मॅडमनी शाफ्ट त्यांच्या हातात दिला आणि काय झालं असेल ते सांगितलं. आण्णांनी तो तुकडा उन्हाकडे धरला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ह्यो ताणान तुटलेला नाय गो."

"आण्णा, मी हिशोब केलाय. रेषेत नव्हता तो."

"नसंल. पण मेलाय दुसऱ्याच कारणान. पंखा पितळेचा, ह्यो लोखंडाचा, मधी खारं पानी. पितळान खाल्लान ह्याला. बघ, ही बारकी बारकी भोकां बघ."

"ती भोकं नंतरची असतील."

"मग तुझ्या त्या काचेखाली बघ आनि मला सांग."

बापलेकीचं असं अर्धा तास चाललं होतं. दोघंही आवाज चढवून, आणि आम्ही चहाचे कप हातात धरून कधी ह्यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होतो. मॅडमनी ऐकलं नाही. शाफ्ट पिशवीत टाकून परत आणला.

सोमवारी त्या वर्गात आल्या तेव्हा त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो होते. रविवारी सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून त्यांनी तो तुकडा कापला, घासला, घोटला आणि काचेखाली धरला होता. खड्डे आधीचे होते. तडा त्या खड्ड्यांच्या तळातूनच सुरू झाला होता.

"गेल्या आठवड्यात मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. आवाजात ना लाज, ना नाटक. "माझं गणित बरोबर होतं, पण मी हात नीट लावला नव्हता. वही काढा. जुनं खोडू नका, फाडू तर अजिबात नका. त्यावर एक तिरकी रेघ मारा आणि शेजारी आजची तारीख घाला. चूक कुठे झाली ते तुम्हाला पुढे कधीही दिसलं पाहिजे."

मग त्यांनी आण्णांचं म्हणणं फळ्यावर लिहिलं आणि खाली कंसात लिहिलं, नाव: महादेव डोर्लेकर, मिस्त्री, नाटे. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाचं लिहितात तसं.

ती वही माझ्याकडे अजून आहे.

कॉलेज संपलं आणि आम्ही पांगलो. बरेच जण दोन-तीन वर्षांत कॉम्प्युटरच्या कंपन्यांत गेले. पगार दुप्पट, ऑफिस गार, कपड्याला डाग नाही. मी कोल्हापूरजवळ एका दूध प्रक्रिया कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आणि तिथेच राहिलो. काम आवडत होतं, पण ते कुणाला सांगायची मला चोरी वाटायची. लग्नकार्यात कुणी विचारलं की "कंपनीत असतो" म्हणून विषय बदलायचो. रत्नागिरीला आलो तरी कॉलेजकडे फिरकायचो नाही. मॅडमनी विचारलं, दुसरं कारण सापडलं का, तर काय सांगायचं?

आणि मग काही वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांचा फोन आला.

कॉलेजात मेकॅनिकलची शाखा बंद करायचं घाटत होतं. हल्ली सगळ्यांना कॉम्प्युटर आणि ते एआय हवं. मेकॅनिकलची साठातली चाळीसच्या वर बाकं रिकामी. संस्थेच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की वर्कशॉपची जागा मोकळी केली तर तिथे दोन कॉम्प्युटर लॅब होतील. नागवेकरांना बैठकीत मशिनांची यादी घेऊन बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं त्यांनी स्वतः ऐकलेलं. अध्यक्ष चांगलेच गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना कळतात, पण रिकाम्या बाकांना शिकवून कॉलेज चालत नाही." मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मला प्रवेशाचा हा एक हंगाम द्या. तरीही बाकं रिकामी राहिली तर लेथ मशिनं मी स्वतः उचलून देईन."

त्यांनी जाहिरात केली नाही. घरी बसून जुन्या हजेरीपटांतून नावं काढली आणि एकेका विद्यार्थ्याला फोन लावले. माझ्याशी बोलल्या त्या एवढंच, "हेदवकर, मला एक पान हवंय. आज सकाळी तू काय काम केलंस ते लिहून पाठव. हातानं लिही आणि फोटो काढून पाठव."

मी रात्रभर विचार करून झकास मजकूर तयार केला. उत्पादकता, कार्यक्षमता, मोलाचा वाटा, सगळं घातलं. पाठवल्यावर दहा मिनिटांत फोन.

"हे तू लिहिलंस की तुमच्या ऑफिसानं?"

"मीच, मॅडम."

"मग खोटं का लिहितोस? आज सकाळी सात वाजता तू कुठल्या मशिनजवळ उभा होतास?"

"पिशव्या भरायच्या मशिनजवळ. कन्व्हेअरचं एक बेअरिंग आवाज करत होतं, ते बदललं. एवढंच, मॅडम. त्यात लिहिण्यासारखं काही नाही."

"नसतं बदललंस तर?"

"दुपारपर्यंत जाम झालं असतं. लाइन थांबली असती."

"मग?"

"मग संध्याकाळचं दूध गेलं नसतं. तीन तालुक्यांना."

मग त्या म्हणाल्या, "आणि तू म्हणतोस, एवढंच. लिही ते. जसं बोललास तसंच लिही."

मी लिहिलं. लिहिताना पहिल्यांदाच माझं मला ते वाचावंसं वाटलं.

प्रवेशाच्या हंगामात एका रविवारी मॅडमनी वर्कशॉप गावाला उघडं केलं. मी रजा काढून गेलो. लेथपासून भट्टीपर्यंत तारा बांधल्या होत्या आणि तारांवर चिमट्यांनी पानं लावली होती, दीडशेच्या वर. खाली मशिनं चालू होती, विद्यार्थी काम करत होते, आणि बारावी झालेली मुलं, त्यांचे आईवडील वर माना करून वाचत फिरत होते.

मीही वाचत सुटलो. एकानं लिहिलं होतं, मी माणसाच्या खुब्यात बसवायचा धातूचा गोळा बनवतो, आज सकाळी अकरा गोळे तपासले, त्यातले दोन नापास केले. पावसला स्वतःचं गॅरेज टाकलेल्या एकानं लिहिलं होतं, गवत कापायची चार मशिनं दुरुस्त केली, पाचव्याचा मालक कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल घालून आणतो, त्याला पुन्हा समजावलं. एका इस्पितळाच्या लिफ्ट सांभाळणाऱ्यानं फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या. आमच्या वर्गातून नापास होऊन गेलेला आणि आता हॉटेल चालवणारा एक मित्र. त्यानं लिहिलं होतं, डिग्री मिळाली नाही, पण भटारखान्यातला धूर बाहेर काढायची व्यवस्था मी स्वतः आखली, माझ्या आचाऱ्यांचे डोळे चुरचुरत नाहीत. बंगळुरूला कॉम्प्युटर कंपनीत गेलेल्या एकानं मॅडमना विचारलं होतं म्हणे, मी मेकॅनिकल सोडलं, मी लिहू का? मॅडमनी कळवलं होतं, पळून गेलेल्यांनीही लिहा. त्यानं लिहिलं होतं की विमानाच्या पंखाचं गणित करणारी प्रणाली तो लिहितो, आणि वाकणाऱ्या तुळईचं मॅडमनी शिकवलेलं प्रकरण त्याला रोज लागतं.

मनालीचं पान जहाजावरून आलं होतं. तेल गाळायचं यंत्र उघडून साफ केलं, इंजिनरूममध्ये पंचेचाळीस अंश, आता आम्ही आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालतोय. त्या पानाखाली तिची आई उभी होती. बाजार आटोपून तशीच आलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं पान आपल्या मुलीचं ते तिनं नागवेकरांकडून विचारून घेतलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोट वर करून सांगत होती, "ह्या माझ्या चेडवाचा."

एका मुलीच्या आईनं तिला विचारलं, "एकटी पोर जहाजावर, महिने न् महिने. भीती नाही वाटत हो तुम्हाला?"

मनालीची आई म्हणाली, "तिचो बापूस जन्मभर दर्यात गेलो. तेवा मला कोनी नाय इचारलान, भीती वाटता काय."

ती मुलगी, जिच्या आईनं विचारलं होतं, तिथेच उभी राहून ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

थोड्या अंतरावर एक ट्रॉलरमालक मॅडमशी बोलत होते. "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण शेवटी पाना घेऊनच फिरायचं ना पोरानं?"

"पाना घेऊनच फिरायचं," मॅडम म्हणाल्या. "पण नट का ढिला झाला ते कळून. तुमची बोट गेल्या वर्षी किती दिवस बंद होती?"

"अठरा."

"कशानं, ते कळलं का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मॅडम त्यांना भट्टीजवळ घेऊन गेल्या.

मॅडमना साठ जागा भरायच्या होत्या. एकतीस भरल्या. संस्थेनं शाखा ठेवली, जागा मात्र तीसच ठेवल्या, म्हणजे पुढच्या वर्षापासून निम्मी शाखा. आम्ही जुने विद्यार्थी खट्टू झालो. मॅडम नव्हत्या झाल्या. "तीस तर तीस," त्या म्हणाल्या. "साठांच्या वर्गात मागच्यांना भट्टी दिसायचीच नाही. आता सगळ्यांच्या तोंडावर धग येईल." लेथ जागच्या जागी राहिले. त्या एकतीस जणांत नऊ मुली होत्या. त्या बॅचचा निकाल लागला तेव्हा मॅडमनी मला फोन करून फक्त निकाल सांगितला आणि ठेवून दिला. आवाजावरून कळत होतं की हा त्यांचा पहिला फोन नव्हता आणि शेवटचाही नसणार.

मग त्या निवृत्त झाल्या आणि नाट्याला परत गेल्या. आण्णा तोवर गेले होते. त्यांची शेड मॅडमनी झाडून घेतली आणि दर गुरुवारी दुपारी बोटींवरच्या इंजिन ड्रायव्हरांना शिकवायला लागल्या. फी नाही, फक्त एक अट. प्रत्येकानं येताना काहीतरी मोडलेलं आणायचं.

गेल्या मार्चमध्ये मॅडम गेल्या. झोपेतच. आमच्या कारखान्यात तेव्हा वार्षिक दुरुस्ती चालू होती, सगळा प्लांट उघडून ठेवलेला, मला पोहोचता आलं नाही. हे सांगितलं तेव्हा नागवेकर म्हणाले, "आला असतास तर त्याच ओरडल्या असत्या तुला." त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीच्या डिसेंबरातलं.

राजापूरला एक लग्न होतं, आईला घेऊन गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून नाट्याला गेलो. शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर एक डिझेल इंजिन उघडून ठेवलं होतं आणि मॅडम स्टुलावर बसून त्याच्या बाजूची झाकणं पुसत होत्या. केस पूर्ण पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात. मला बघून म्हणाल्या, "ये हेदवकर. बेअरिंग काय म्हणतायत?"

मी आईची ओळख करून दिली. आईनं नमस्कार केला आणि जरा घुटमळून विचारलं, "तुम्ही ह्याच्या बाई ना? मग तुम्हीच सांगा. हा करतो तरी काय नेमकं? विचारलं की म्हणतो, कंपनीत असतो. शेजारी विचारतात, मला सांगताच येत नाही."

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. वर्गात चुकीच्या उत्तरानंतर बघायच्या तसं. "तू जा, नाक्यावर चहा सांगून ये," त्या म्हणाल्या. "आणि घाई करू नकोस."

मी गेलो. चहावाल्यानं ताजं आधण ठेवलं होतं, वेळ लागला. तीन ग्लास घेऊन परत आलो तो दारातच थांबलो. आईनं पदर कमरेला खोचला होता आणि दोन्ही हातांनी इंजिनाचं मोठं चाक धरलं होतं. इंजेक्टर काढून ठेवलेला, आत हवा कोंडत नव्हती, त्यामुळे चाक हातानंही फिरत होतं. मॅडम म्हणत होत्या, "फिरवा. सावकाश. बघा, पिस्टन वर आला. आता वरची झडप उघडेल. उघडली?"

"उघडली की!" आई म्हणाली. तिचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"तुमचा मुलगा ह्याच्यापेक्षा दहापट मोठी मशिनं सांभाळतो."

"म्हणजे बंद पडली की हा चालू करतो?"

"करतो. पण ते खरं काम नव्हे. बंद पडू नयेत म्हणून तो आधीपासून लक्ष ठेवतो. आणि ते नीट जमलं ना, की कुणाला कळतच नाही ह्यानं काही केलंय ते."

आईनं चाकावरचा हात थांबवला. "म्हणजे घर चालवण्यासारखंच की," ती म्हणाली.

मॅडम मोठ्यानं हसल्या. चार वर्षं त्यांच्या वर्गात बसलो, पण इतक्या मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगदी तसंच. हे माझ्या कधी लक्षात आलं नाही हो!"

"पुन्हा एकदा फिरवू?" आईनं विचारलं.

"फिरवा ना. आता खाली झाकण काढलंय तिथून बघा, दांडा कसा वळतो ते."

मी आत गेलो नाही. चहा हातात धरून दारातच उभा राहिलो. आत त्या दोघी डोक्याला डोकं लावून इंजिनावर वाकल्या होत्या, आणि आई चाक फिरवत होती.